आईचीच चप्पल का?

शोभनाकाकूंच्या घरी गेलं, की आईची एक चप्पल नाहीशी व्हायची. दोन्ही नाही, एकच. आणि आईचीच! बाबांचे पॉलिश केलेले बूट दारात जिथल्या तिथे, नेत्राचे स्पोर्ट्स शूज पालथे पडलेले, निधीचे चिमुकले सँडल शहाण्यासारखे भिंतीला टेकून. आणि आईची उरलेली एक चप्पल त्या सगळ्यांत अगदी बावळट दिसायची.

एकदा दुसरी सापडली कूलरच्या मागे. एकदा वॉशिंग मशीनमध्ये, तीही मशीन खडखडायला लागल्यावर. गेल्या रविवारी तर सापडलीच नाही, आणि आई काकूंच्या बाथरूममधल्या निळ्या स्लिपर घालून गाडीत बसली.

"मयुरेश, तूच रे!" सगळ्यांचं एकमत होतं.

"मैंने नहीं ली! पक्का! हर बार मेरा ही नाम क्यों?" काकूंचा मयुरेश दुसरीत होता आणि त्याला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून निघायची हिंदीच.

"खरं सांग, नाहीतर चॉकलेट बंद," काकू म्हणाल्या. त्या नागपूरच्या. रागावल्या तरी गाणं म्हटल्यासारख्या वाटायच्या.

नेत्राला मात्र मयुरेशचा संशय येईना. तो कधी काही लपवायचा तेव्हा आधी स्वतःच फिदीफिदी हसायचा. नेत्रा नववीत होती. त्याच वर्षी तिला शाळेच्या क्विझ टीममध्ये घेतलं होतं, आणि तेव्हापासून ती जगातल्या कुठल्याही गोष्टीला 'का?' विचारल्याशिवाय सोडत नव्हती. भाजीवालाही तिला बघून आताशा लांबूनच हात जोडायचा.

तर, का? आईचीच का? आणि काकूंच्याच घरी का?

बाबा चंडीगडच्या मोठ्या हॉस्पिटलात डोळ्यांचे डॉक्टर. शोभनाकाकूंचे यजमान श्यामसुंदरकाका युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवायचे. ओळख गणपतीच्या आरतीला झाली आणि मग रविवार ठरूनच गेले. एक रविवार काकूंकडे, एक सुखना तलावावर, एक पिंजोरच्या बागेत, थंडी असली की रोझ गार्डनमध्ये उन्हात. आमच्या मारुतीत तुम्ही, तुमच्या स्कूटरवर आम्ही, पोरं वाटून घेतलेली, पुऱ्या एकीच्या घरच्या आणि बटाट्याची भाजी दुसरीच्या.

या सगळ्या रविवारांत एक काटा होता, आणि तो म्हणजे निधी बोलत नव्हती.

निधी नेत्राची धाकटी बहीण, तीन वर्षांची. हसायची, रडायची, पडद्याला लटकायची, टीव्हीतल्या जाहिराती तोंड उघडं टाकून बघायची. पण शब्द म्हणून एक नाही. बाबांनी तिचे कान तपासून घेतले. कान खणखणीत होते. मग नर्सरीच्या हेडमिस्ट्रेस बाईंनी चष्मा पुसत निदान केलं, की घरात मराठी, अंगणात पंजाबी, टीव्हीवर हिंदी, या खिचडीत मुलीला कुठलीच भाषा कळत नाहीये. तिच्याशी एकच भाषा बोला. हिंदी.

त्या दिवाळीपासून घरात निधीशी हिंदी बोलायचं, असा कायदा झाला. आई साताऱ्याची. तिची हिंदी ऐकून दूधवालाही गालात हसायचा.

"निधी बेटा, वो बादली में हात मत घालो! देखो, बाही भिजेगी!"

नेत्रा हसून हसून लोळायची. पण मग एकदा तिच्या लक्षात आलं, की आई आता निधीशी फार बोलतच नाही. लागेल तेवढंच बोलायची, पत्ता विचारणाऱ्याशी बोलावं तसं. आधी आंघोळ घालताना ती किती बडबडायची! ढोपराशी बोलायची, कोपराशी बोलायची. आता नुसता तांब्याचा आवाज यायचा.

एवढं करूनही निधी बोललीच नाही, तर? तर नेत्राची परीक्षा संपली की निधीला साताऱ्याला आजीकडे ठेवायचं. सहा महिने, वर्ष, जे लागेल ते. तिथे सगळीकडे एकच भाषा, गोंधळच नाही. हे आईबाबांनी मनाशी जवळजवळ पक्कं केलं होतं. सोमवारी बाबा स्टेशनवर जाऊन तिकिटं काढणार होते.

निधी झोपेत नेत्राच्या पोटावर पाय टाकायची. रोज त्या पायाला ती शिव्या द्यायची. पण तो पाय साताऱ्याला जाणार म्हणजे काय?

सुगावा लागला तो शनिवारी, चड्ढा आंटींच्या घरी. बाबांच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर चड्ढांच्या मुलाचा वाढदिवस होता. दारात आई सवयीनं चप्पल काढायला वाकली, तशी आंटी ओरडल्या, "ओ जी, की करदे ओ! जुत्ती पाके ही आ जाओ!"

आई संकोचानं चप्पल घालून गालिच्यावर पाय उचलून उचलून चालली. नेत्राच्या डोक्यात टिंग झालं. इथे चपला काढतच नाहीत, म्हणून त्या हरवत नाहीत! सुटलं कोडं!

पण केक खाता खाता कोडं पुन्हा पडलं. स्वतःच्या घरीही सगळ्यांच्या चपला दारातच असतात. तिथे का कधी हरवत नाहीत? मग काकूंच्या घरी असं काय घडतं, जे चड्ढांकडे घडत नाही आणि घरीही घडत नाही?

केकवरची चेरी तिच्या तोंडातच राहिली.

काकूंच्या घरी आई साताऱ्याबद्दल बोलायची! आंटींशी ती असलं काही बोलायची नाही. घरी आईबाबा बोलायचे ते पोरी झोपल्यावर, दार लोटून. काकूंपुढे मात्र आईचा बांध फुटायचा, चहा गार व्हायचा आणि दर वेळी ती हेच म्हणायची, "ह्यांना कुठली रजा? मीच नेऊन सोडीन तिला, आणि मीच एकटी परत येईन." निधी तिथेच सोफ्याखाली खेळत असायची. तिच्यासमोर बोलायला हरकत काय, तिला थोडंच कळतंय!

थोडंच कळतंय?

दुसऱ्या दिवशी रोझ गार्डनमध्ये ऊन इतकं छान पडलं होतं, की निम्मं शहर गवतावर आडवं झालं होतं. काकूंनी सतरंजी अंथरली. सगळ्यांनी चपला-बूट काढून कडेला ओळीनं ठेवले. मोठी माणसं संत्री सोलत बसली. निधी शेंगांची टरफलं एकात एक घालत होती.

नेत्रानं निधीकडे पाठ केली, गुलाबांकडे तोंड केलं, आणि खणखणीत मराठीत म्हणाली, "काकू, तुम्हाला कळलं का? साताऱ्याला आई नाही जाणार. निधीला बाबाच नेऊन सोडणार."

"हे कधी ठरलं?" आईनं विचारलं.

"मलाही आत्ताच कळतंय," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडात संत्र्याची फोड होती.

"बाबा, तुम्हाला रजा मिळाली ना! तुम्हीच म्हणालात!" नेत्रानं डोळे इतके मोठे केले, की डोळ्यांच्या डॉक्टरनं काळजी करावी. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "प्लीज. आता कुणी काही बोलू नका. आणि निधीकडे बघू नका."

"काय करून राहिली तू?" काकू कुजबुजल्या.

"शूऽऽ!"

अर्थात, बघू नका म्हटल्यावर सगळे तिरप्या नजरेनं तिकडेच बघायला लागले.

निधीनं टरफलं खाली ठेवली. उठली. फ्रॉकला हात पुसले. काही काम नसल्यासारखी चपलांच्या ओळीपाशी गेली. आईच्या चपलांवरून तिची नजर पुढे सरकली. काकांच्या कोल्हापुरीवरूनही. बाबांच्या बुटापाशी ती उकिडवी बसली, दोन्ही हातांनी एक बूट उचलला, बाळ घेतात तसा छातीशी धरला, आणि तुरुतुरु गुलाबाच्या ताटव्यामागे गेली. परत आली तेव्हा हात मोकळे होते. येऊन पुन्हा टरफलांशी बसली.

"अरे, माझा बूट!" बाबा म्हणाले, पण कुणी हसलं नाही.

आईनं हातातलं संत्रं खाली ठेवलं. "अहो," ती म्हणाली, "म्हणजे माझी चप्पल… इतके दिवस… मी जाऊ नये म्हणून?"

"तिला सगळं कळतं, आई," नेत्रा म्हणाली. "मराठीतलं सगळं. कोण सोडणार तेसुद्धा."

"अवं बाप्पा!" काकूंनी तोंडावर हात ठेवला. "मागच्या रविवारी मी सासूबाईंबद्दल काय काय बोलली हिच्यासमोर!"

काका एकदम ताठ बसले. "काय बोललीस?"

"संत्रं खा तुम्ही."

बाबा मात्र अजून विचारात होते. "कळतंय, मान्य. पण बोलत नाही, हे तर खरंच आहे ना? कळणं वेगळं आणि बोलणं वेगळं."

"हाँ ना," मयुरेश मध्येच म्हणाला, "समझती है तो बोलती क्यों नहीं?"

नेत्रा त्याच्याकडे गर्रकन वळली. "तू समजतोस ना मराठी? मग तू का नाही बोलत?"

"मेरी मर्ज़ी!"

"मग तिचीपण मर्जी! आणि ह्याला कुणी पाठवतंय का साताऱ्याला?"

मयुरेशनं घाबरून आपल्या आईचा पदर धरला. काका खो खो हसायला लागले. क्विझ टीममधली मुलगी घरात असणं किती त्रासाचं आहे, हे बाबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग ते निधीकडे न बघता, एकेक शब्द सावकाश टाकत मराठीत म्हणाले, "बरं. मग मी उद्या स्टेशनवर जात नाही. तिकिटं काढत नाही. निधी इथेच राहणार."

मग निधी उठली, बाबांच्या मांडीत जाऊन बसली, आणि त्यांच्या हातातली संत्र्याची फोड काढून घेऊन खाऊ लागली.

बाबांनी पुढचा प्रयोग केला नाही. त्यांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ शर्टाला पुसत बसले.

"हेडमिस्ट्रेस बाईंना काय सांगायचं?" त्यांनी थोड्या वेळानं विचारलं.

"मी सांगीन," आई म्हणाली. "माझ्या हिंदीत सांगीन. कळेल त्यांना." आणि तिनं निधीला ओढून जवळ घेतलं. "ए निधू, साखरेची पोरगी तू, मुंगळा आहेस नुसता, किती गं छळलंस! एवढंसं डोकं आणि केवढा कावा गं त्यात!"

दिवाळीपासून अडवून धरलेलं सगळं पाणी एकदम सुटावं, तशी आई बोलत सुटली. परतताना गाडीतही ती थांबली नाही. हा दिवा लाल झाला, थांबायचं. तो बघ सरदारजी, त्याच्या स्कूटरवर पाच माणसं आहेत, आपण सहा करू शकतो. ही बाई बघ, केवढी कोबी घेतलीय, आता आठवडाभर घरात कोबीच खाणार बिचारे. निधी तिच्या मांडीवर उभी राहून तिच्या ओठांकडे बघत होती, टीव्हीकडे बघायची तशी, तोंड उघडं टाकून.

नेत्रा मागच्या सीटवरून पुढे झुकली. हिच्या डोक्यात किती साठलं असेल! काकूंच्या सासूबाई, चड्ढांचं पंजाबी, आईची बादली, दूधवाल्याचं हसणं. यातलं पहिलं काय बाहेर येईल? कुठल्या भाषेत? आणि कुणाबद्दल?

"निधू," तिनं विचारलं, "काकू सासूबाईंबद्दल काय म्हणाल्या गं?"

"नेत्रा!" आई ओरडली.

निधीनं मान वळवून ताईकडे नीट बघितलं. सांगावं की नाही, असा विचार करत असल्यासारखं. मग तिनं पुन्हा आईच्या तोंडाकडे बघितलं आणि आईचा गाल बोटानं ढोसला. पुढे बोल म्हणून.