डबीच्या तळाशी बोटभर

आईची एक शिस्त होती. क्रीमची डबी खरवडून रिकामी करायची नाही. तळाशी बोटभर ठेवायचं आणि त्यावरच नवीन ओतायचं. तिच्या आईनेही तेच केलं होतं. देवाने दिलेल्यातलं थोडं शिल्लक असलं की पुढचं आपोआप येतं, अशी साधी श्रद्धा. तेव्हा डबीत फक्त तेल आणि मेण असायचं, त्यामुळे कधी कुणाला काही झालं नाही.

थोरलीने त्यात बदल केला तो मायेपोटीच. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पापण्यांभोवतीची कातडी कोरडी पडून सोलवटली. थोरलीने तेलामेणात कोरफडीचा गर आणि गुलाबपाणी घोटून लोण्यासारखी क्रीम केली. सकाळ-संध्याकाळ तीच आईला लावायची, आपल्या बोटाने, अंगाई म्हणावी तशी हळू.

धाकटी क्रीमच्या कारखान्यात मालाची तपासणी करायची. डबी बघताच ती म्हणाली की तेलामेणात जंतू वाढत नाहीत, पाणी आलं की वाढतात. मापात जंतू रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह घाल. फार झालं तर त्याचाही त्रास होतो, म्हणून तर माप ठरलेलं असतं. बाजारच्या डब्यांवरची लांबलचक नावं वाचून थोरली त्या डब्या परत फळीवर ठेवून द्यायची. असलं विष आईच्या डोळ्याजवळ न्यायचं?

"कंपनीचं मीठ खातेस, तिचीच री ओढणार," ती म्हणाली.

"दूध नासलं तर वास तरी येतो गं ताई. हिला तोही येत नाही."

आई खाटेवरून म्हणाली, भांडू नका, एका डोळ्याला हिची लावते, दुसऱ्याला तिची. दोघी हसल्या आणि विषय तिथेच राहिला. राहायला नको होता.

डोळा आधी लाल झाला, मग बुबुळावर पांढरं आलं. डॉक्टरांनी पापण्यांना काय लावता ते विचारून डबी तपासायला पाठवली. औषधं झाली, नवससुद्धा झाले. डोळा गेला.

तपासणीत वरच्या थरापेक्षा तळाशी जंतू कितीतरी जास्त निघाले. प्रत्येक वेळी राखलेलं ते बोटभर नव्या क्रीमला जुनीच कीड लावत होतं. दवाखान्याच्या जिन्यात धाकटीने हे सांगितलं, तेव्हा थोरलीने वर आईच्या खोलीकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाली, "तळाचं आईला कळता कामा नये."

आईने विचारलंच, कशाने झालं म्हणून.

"माझे हात नीट धुतलेले नव्हते, आई," थोरली म्हणाली.

आईने उरलेल्या डोळ्याने अंदाज घेत तिचा हात धरला आणि पदराने पुसला, शाळेतून आल्यावर पुसायची तसा. "ह्या हाताला बोल लावायचा नाही. माझी शपथ आहे."

मग तिने हळूच विचारलं, "डबी टाकली नाहीस ना? तळाशी ठेवलंयस?"

तपासणीहून परत आलेली डबी सकाळीच उकळत्या पाण्यातून निघून घरी मोरीच्या कट्ट्यावर पालथी पडली होती. थोरलीने धाकटीकडे पाहिलं.

कारखान्यात कधी खोट्याला पास न करणारी धाकटी पुढे झाली. तिने आईचं पांघरूण सारखं केलं.

"ठेवलंय, आई. मी पाहिलंय."