लोर्ना गार्बटच्या चार ओळी

पत्र आलं तेव्हा लोर्ना गार्बट ओट्याशी उभी राहून टोस्ट खात होती. कर खात्याचं पत्र म्हटल्यावर तिने सवयीने हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. पहिल्या पानावर आकडा होता : सेहेचाळीस हजार तीनशे पौंड. नऊ वर्षांपूर्वीच्या दोन वर्षांचा कर, व्याज आणि दंड. पण तिला टोचला तो आकडा नव्हे. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की, आपण आपलं उत्पन्न जाणूनबुजून लपवलंत.

"रॉनी," ती नवऱ्याला म्हणाली, "मी चोर आहे म्हणतायत."

रॉनीने पत्र हातात घेतलं आणि पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या रेडकार गावात लोर्नाने तीस वर्षं मुलांच्या संरक्षणाचं काम केलं होतं. जिथे पोरांचे हाल होत असतील त्या घरात जायचं, बघायचं, लिहून काढायचं आणि वेळ पडली तर कोर्टात उभं राहून सांगायचं. पुढे नगरपालिकेने जागा कापल्या आणि त्याच कामावर तीच माणसं एजन्सीमार्फत घेतली. एजन्सीने सांगितलं, पगार अमुक कंपनीकडून मिळेल. थोडा पगार म्हणून, उरलेला कर्ज म्हणून.

लोर्नाने तेव्हाच फोन करून विचारलं होतं, "कर्ज कसलं? मी काम करते, कर्ज कशाला घेऊ? आणि फेडायचं कुणी?"

"कुणीच नाही हो, मॅडम," पलीकडचा माणूस हसला होता. "कागदावर असतं नुसतं. कर्जावर कर लागत नाही ना, म्हणून. वकिलांनी तपासलंय. सगळे असेच घेतात."

त्या वर्षी पोलाद कारखान्याच्या भट्ट्या थंड पडल्या होत्या आणि रॉनी घरी बसला होता. लोर्नाने सही केली. आता ती कंपनी गुंडाळली गेली होती आणि चालवणारा कुठल्यातरी बेटावर मजेत होता. कर खात्याला तो सापडत नव्हता. लोर्ना सापडत होती.

मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी अशीच अकरा माणसं जमायची. दोन नर्स, एक संगणकवाला, बाकीचे कारखान्यांचे नकाशे काढणारे. त्यांतला विल्फ स्टॉब्स सत्तरीचा. त्याने भीतीपोटी तडजोडीच्या कागदावर सही केली होती, घर विकून पैसे भरले होते आणि आता बहिणीच्या मागच्या खोलीत राहत होता.

"खात्याचे लोक मला हप्ते बांधून देतो म्हणाले," लोर्नाने सांगितलं. "सही केली की विषय संपला."

"विषय संपत नाही, बाई, माणूस संपतो," विल्फ म्हणाला. "मी सहा महिने आरशात बघितलं नाही. तू लपवलं होतंस का?"

"मी? अरे, कराच्या विवरणपत्राला वेगळा कागद जोडून लिहिलं होतं मी. दोन्ही वर्षी! माझ्या मनाला ते कर्ज पटतच नव्हतं."

विल्फ खुर्चीत सरळ झाला. "तो कागद आहे तुझ्याकडे?"

कागद नव्हता. मधे एकदा घरात पाणी शिरलं होतं, त्यात जुने खोके गेले होते. कर खात्याला विचारलं, तर असं काही आमच्याकडे दिसत नाही, असं उत्तर आलं.

तरी लोर्नाने अपील केलं. वकील परवडणार नव्हता. "कोर्टात उभं राहायची मला भीती नाही," ती रॉनीला म्हणाली, "आजवर दुसऱ्यांच्या पोरांसाठी उभी राहिले, आता माझ्यासाठी राहते."

सुनावणीच्या तीन आठवडे आधी कर खात्याने पुराव्यांची जाडजूड फाइल पाठवली. सहाशे चाळीस पानं. नियमांचे उतारे, दुसऱ्याच लोकांचे खटले, तीच तीच पत्रं चार चारदा. माणसाने दहा पानांत थकून सोडून द्यावं अशी. पण लोर्नाची उभी हयात फायली वाचण्यात गेली होती. विल्फ रोज सकाळी दहाला यायचा. अर्धी पानं तो वाचायचा, अर्धी ती. रॉनी चहा करायचा आणि दोघांना शिव्या घालायचा की जेवा आता.

पाचव्या दिवशी विल्फ वाचता वाचता थांबला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"लोर्ना, हे अक्षर कुणाचं गं?"

पान दोनशे बारा. तिरकस, निळ्या शाईतलं तिचंच अक्षर, चार ओळी : 'माझ्या कामाच्या मोबदल्यातला मोठा भाग मला कर्ज या नावाने मिळतो. तो परत करायचा नाही, असं मला सांगण्यात आलं आहे. यावर कर लागतो का, याबद्दल मला शंका आहे. कृपया कळवावे.' खाली कर खात्याचा शिक्का, तारखेसकट. पुढच्या वर्षाचा तसाच कागद पान दोनशे तीसवर होता. आणि पहिल्याच्या कोपऱ्यात कुण्या अधिकाऱ्याने पेन्सिलने लिहिलं होतं, 'कर्ज योजना. सवडीने बघू.'

"सवडीने!" रॉनी ओरडला. "नऊ वर्षं सवड मिळाली नाही होय रे यांना!"

लोर्नाने त्या कागदावरून बोट फिरवलं आणि मग टेबलावर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडली.

सुनावणीला तिने कोर्टाचा जुना राखाडी कोट घातला. न्यायाधीश बाई वयस्कर होत्या, शांत. कर खात्यातर्फे मिस्टर पेल नावाचे गृहस्थ होते आणि मागणी काढणाऱ्या अधिकारी मिस टॅन्सली साक्षीला होत्या. पेल पाऊण तास बोलले. इतक्या जुन्या वर्षांचा कर मागता येतो तो फक्त मुद्दाम लपवणाऱ्याकडून, आणि या बाईंनी लपवलं, असं त्यांनी तीनदा सांगितलं.

मग लोर्ना उठली.

"मिस टॅन्सली, मी लपवलं असं तुम्ही कशावरून ठरवलंत?"

"विवरणपत्रात कर्जाचा उल्लेख नव्हता."

"विवरणपत्र तुम्ही स्वतः वाचलंत?"

"संगणकावर त्याचा सारांश असतो. तो बघितला."

"म्हणजे वाचलं नाहीत. कृपा करून तुमच्याच फाइलचं पान दोनशे बारा उघडा. आणि मोठ्याने वाचा."

पानांची सळसळ झाली. मिस टॅन्सलींनी वाचायला सुरुवात केली. 'कृपया कळवावे' पर्यंत येता येता त्यांचा आवाज अगदी खाली गेला.

"तो शिक्का कुणाचा?"

"आमचा."

"आणि पेन्सिलने काय लिहिलंय?"

मिस टॅन्सली पेलकडे बघू लागल्या. न्यायाधीश बाईंनी मान वर केली. "उत्तर द्या."

"सवडीने बघू."

"मी तीस वर्षं लोकांच्या घरांबद्दल अहवाल लिहिले," लोर्ना म्हणाली. "न वाचता, न भेटता मी एखाद्या आईला लबाड म्हटलं असतं, तर मला त्याच दिवशी कामावरून काढलं असतं. काढायलाच हवं होतं. मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत."

पेल उभे राहिले, काहीतरी शोधू लागले, आणि बसले.

न्यायाधीश बाई आत गेल्या त्या चाळीस मिनिटांनी आल्या. त्यांनी सावकाश सांगितलं : जी गोष्ट माणसाने स्वतःच्या हाताने लिहून कळवली आणि खात्याने शिक्का मारून घेतली, ती लपवली असं म्हणता येत नाही. दोन्ही वर्षांची मागणी आणि दंड रद्द. "मिसेस गार्बट," त्या शेवटी म्हणाल्या, "आपण प्रामाणिक होतात, हे या निकालात मी स्पष्ट लिहिणार आहे."

मागच्या बाकावर विल्फशेजारी बसलेल्या रॉनीने अशी आरोळी ठोकली की शिपाई धावत आला.

बाहेर ऊन होतं. तिघांनी रस्त्यावरच एकमेकांना मिठ्या मारल्या. मग कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ताटाएवढा चीज लावलेला चिकन पार्मो मागवला आणि सगळा फस्त केला. विल्फ खाता खाता म्हणाला, "माझं घर काही परत येणार नाही."

"नाही येणार," लोर्नाने त्याचा हात धरला.

"नसू दे गं. आज त्या पेलचं तोंड पाहिलं. मी दहा वर्षांनी तरुण झालो."

मंगळवारी चर्चचा हॉल गच्च भरला. अकराच्या जागी चाळीसेक माणसं होती, काही तर न्यूकॅसलहून आलेली. लोर्ना बोलायला उठली, पण विल्फ आधीच पुढे गेला होता.

"ऐका रे," तो म्हणाला. "उद्या सकाळी प्रत्येकाने कर खात्याला पत्र टाकायचं. आपलं जुनं विवरणपत्र मागवायचं. सारांश नको, जोडलेल्या कागदांसकट सगळं. आणि आलं की एकट्याने वाचत बसू नका. इथे घेऊन या. लोर्ना आहे, मी आहे."

मागच्या रांगेतल्या नर्सने हात वर केला. "मीसुद्धा तेव्हा काहीतरी लिहून जोडलं होतं, असं वाटतंय."

"मग बस पुढे येऊन," लोर्ना म्हणाली आणि तिने पेनाचं टोपण काढलं. "नाव सांग, आणि कुठल्या वर्षी ते सांग."