गुडघा आमच्याकडे नाही

माझ्या पाठीचं ऑपरेशन इतकं यशस्वी झालं की त्यानंतर मला चालता येईना.

पाठीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पाठ उत्तम. शुद्धीवर आलो, दुसऱ्या दिवशी उभं केलं, आणि उजव्या गुडघ्यात कुणीतरी गरम पाना घालून पिळला. त्याआधी या गुडघ्याशी माझे काही खास संबंध नव्हते.

सर्जन मीच निवडला होता. व्हाइटफील्डमध्ये आमच्या घराजवळ पाठीचे डॉक्टर ढिगानं आहेत. पण पुण्याच्या माणसाला बंगळुरात मराठी बोलणारा डॉक्टर सापडला की तो डिग्री वाचत नाही. डॉ. विद्याधर शहराच्या पार दुसऱ्या टोकाचे, राजाजीनगरचे. त्यांचं घराणं इथं कित्येक पिढ्यांचं. पहिल्याच भेटीत म्हणाले, "पुण्याचा का तू? मग घरचाच की रे तम्मा!" मी भारावून पाठ त्यांच्या स्वाधीन केली. तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ, हे नंतर कळलं. आणि धाकट्या भावाचं कोण ऐकतं?

"डॉक्टर, गुडघा," मी तपासणीला गेल्यावर म्हणालो.

"पाठ कशी आहे?"

"पाठ छान आहे. गुडघा..."

"वाक बघू. वा! ऊठ. वा वा! कसली पाठ झालीय रे!"

"गुडघ्यामुळे झोप लागत नाही."

"गुडघा आमच्याकडे नाही. गुडघा दुसऱ्या मजल्यावर."

दुसऱ्या मजल्यावर डॉ. हयवदन होते. त्यांनी माझ्या गुडघ्याचे फोटो उजेडावर लावले आणि चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिले. मला वाटलं, संपलं.

"इतका सुंदर गुडघा मी कित्येक महिन्यांत पाहिला नाही," ते हिंदीत म्हणाले. "काम काय करता?"

"कोडिंग."

"म्हणजे वापरलेलाच नाही. दुखणं वरून येतंय. वर जा."

मी पुन्हा वर, डॉ. विद्याधरांकडं गेलो.

"डॉक्टर, पाठीतली नस गुडघ्यापर्यंत जाते ना?"

"कुठं वाचलंस? इंटरनेटवर?"

"तुमच्या डोक्यामागं चित्र लावलंय."

त्यांनी वळून पाहिलं. "ते औषध कंपनीनं दिलंय."

"पाठीचा पुन्हा एकदा एमआरआय काढला तर?"

पोटच्या मुलाची डीएनए चाचणी मागितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "यशस्वी ऑपरेशनचा एमआरआय काढतात का रे तम्मा?"

घरी माझी बायको मैत्रेयी सुरुवातीला गरम पाण्याची पिशवी देत असे. गुडघ्याचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि पिशवी बंद झाली.

"निहार, एक सांगू? तुझा गुडघा नेमका भांडी घासायच्या वेळेलाच दुखतो."

"तो दिवसभर दुखतो. तू भांड्यांच्या वेळेला बघतेस."

पुण्याहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आमच्या ह्यांचंही असंच होतं गं. भाजी आणायचा विषय काढला की कळ येते." फोन स्पीकरवर होता. तो स्पीकरवर आहे हे त्यांना माहीत होतं.

मला गोळी नको होती, कौतुकही नको होतं. मला कारण हवं होतं. 'हे यामुळं होतंय' असं एका तरी माणसानं म्हणावं, मग पाय कापायचा म्हणाले असते तरी मी वाद घातला नसता.

शेवटी डॉ. विद्याधरांनीच मार्ग काढला. हॉस्पिटलमध्ये बऱ्या झालेल्या पेशंटांचा मेळावा होता. "तू ये. स्टेजवर स्वल्प चालून दाखव. सोमवारी तुझा एमआरआय काढू. सरी?"

"स्वल्प म्हणजे किती?"

"थोडंच रे. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

सरी म्हणजे ठीक आहे, एवढं कन्नड मला येत होतं. मी सरी म्हणालो.

स्टेजमागं माझ्या पाठीचा फोटो लावला होता, लग्नात नवरा-नवरीचा लावतात तेवढा. माझ्याआधी कावेरीअक्का नावाच्या निवृत्त शिक्षिका गेल्या. त्यांनी चालून दाखवलं, गिरकी घेतली, शाल घेतली. मग माझं नाव पुकारलं. मैत्रेयी पहिल्या रांगेत मोबाइल धरून बसली होती.

निम्म्यापर्यंत मी हसत गेलो. तिथं उजवा गुडघा सुटला. मी कडेला कलंडलो आणि स्टेजवरून खाली, डाव्या गुडघ्यावर आदळलो. नारळ फुटल्यासारखा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

डॉ. विद्याधरांच्या हातात माइक होता. "बघा, बघा!" ते म्हणाले. "पडतानासुद्धा पाठ किती सरळ!"

टाळ्या झाल्या. मैत्रेयीनंही वाजवल्या. सगळेच वाजवत होते, असं ती नंतर म्हणाली.

डाव्या गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले होते. डॉ. हयवदन फोटो बघून खुलले. "आता कसं! आता काहीतरी आहे!"

"आणि उजवा?"

"डावा मोडला, सगळा भार उजव्यावर. दुखणारच."

"तो आधीपासून दुखतोय."

"कशाच्या आधी?"

"पडायच्या. त्याच्यामुळंच तर पडलो."

त्यांनी डॉ. विद्याधरांना खाली बोलावलं. दोघं कन्नडमध्ये बोलले. दोन मजल्यांचं एकमत मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"सापडलं रे तम्मा कारण!" डॉ. विद्याधरांनी माझा खांदा थोपटला. "भार!"

"सोमवारचा एमआरआय?"

"कारण सापडल्यावर एमआरआय कशाला?"

वाटी जोडून मला खोलीत आणलं. मैत्रेयीचे डोळे भरले होते. ती फोनवर सांगत होती, "खरंच दुखत होतं गं आई त्याला. फोटोत दिसतंय." सासूबाईंनी माझ्याशी बोलायला फोन मागितला. "जावईबापू, चुकलं हो आमचं," त्या म्हणाल्या. माझ्याशी त्या इतक्या मऊ आवाजात लग्नातही बोलल्या नव्हत्या.

मैत्रेयीनं डाव्या पायाखाली उशी ठेवली आणि पट्टीवरून हलकेच हात फिरवला. इंजेक्शनमुळं तो पाय पूर्ण बधिर होता. शेजारी उजवा ठणकत होता.

"मैत्रेयी, हा नाही. तो."

तिनं उजव्या गुडघ्याकडं पाहिलं. त्यावर साधा ओरखडाही नव्हता. तिचा हात थांबला.

"निहार," ती म्हणाली, "आता पुरे हं."

मग मी डावा गुडघा धरून 'आई गं' म्हणालो. ती लगेच उशी सारखी करायला वाकली.