डावीकडे म्हणजे कुणाच्या?

बाप कारखान्यात फोरमन होता तेव्हा त्याचा आवाज फाटकाबाहेर ऐकू जायचा. कामगार पाठीमागे त्याला भोंगा म्हणत. आता त्याच्या जागी त्याची धाकटी लेक आली होती आणि ती बोलायची हळू.

"पोरी, मऊ लागलं की लोक कोपराने खणतात," जेवताना तो बजावायचा. ती हसून भाजी वाढून घ्यायची.

नवं यंत्र बसवायच्या दिवशी जुना जाणकार म्हणून त्यालाही बोलावणं आलं. शेडमध्ये कडेला खुर्ची टाकून तो बसला. यंत्र साखळ्यांना लटकत होतं. वर क्रेनच्या केबिनमध्ये त्याच्याच हाताखाली तयार झालेला ऑपरेटर होता.

लेक वॉकी-टॉकीवर म्हणाली, "काका, डावीकडे घ्या, मग सावकाश खाली."

"घेतो."

"थांबा. कसं नेणार, एकदा मला सांगा."

बापाने कपाळाला हात लावला. फोरमन आहे की शाळामास्तरीण!

"भिंतीकडे नेतो, मग खाली सोडतो," वरून उत्तर आलं.

बापाने झटकन भिंतीकडे पाहिलं. भिंतीलगत दोन फिटर खाली मान घालून काम करत होते. यंत्र न्यायचं होतं दाराकडे. ऑपरेटर लेकीकडे तोंड करून बसलेला; त्याचं डावं ते हिचं उजवं.

आता ही त्याची बिनपाण्याने हजामत करणार, असं बापाला वाटलं. त्याने स्वतः तेच केलं असतं.

"चुकलं माझं, काका," लेक म्हणाली. "डावीकडे म्हणाले, पण कुणाच्या ते सांगितलंच नाही. दाराकडे न्या. आणि शंका आली की बेधडक विचारा."

"दाराकडे, मग सावकाश खाली," या खेपेला ऑपरेटर आपणहून म्हणाला. मग जरा थांबून, "ताई, दाराजवळ तेल सांडलेलं दिसतंय वरून. पोरं घसरतील. आधी पुसून घ्या."

बाप बघतच राहिला. याच माणसाने त्याला वर्षानुवर्षं 'हो साहेब'पलीकडे एक शब्द ऐकवला नव्हता.

तेल पुसलं गेलं. यंत्र अलगद जागेवर टेकलं. बाप छाती काढून उठला आणि थेट फिटरांपाशी गेला.

"ती माझी लेक बरं का."

"माहीत आहे की, साहेब," एक फिटर हसला.

"असू दे. तरी सांगितलेलं बरं."