टोपी घातलेल्याशी बोलू नये

आमच्या ऑफिसात टोपी घालणं म्हणजे फसवणं नव्हे. आमच्याकडे खरोखरची टोपी आहे. लाल, लोकरीची, वर गोंडा असलेली. ती घातलेला माणूस दिसला की त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला चहा विचारायचा नाही, त्याच्या खुर्चीमागून जातानासुद्धा चपला फरफटवायच्या नाहीत. कारण त्या घटकेला त्याचा हात खऱ्या सर्व्हरवर असतो.

हा नियम करायची पाळी आणली रिस्टार्टने. रिस्टार्ट म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रॅमर. आईबापांनी नाव चांगलं ठेवलं होतं, पण कुठलाही बिघाड सांगा, हा विचारणार, "रिस्टार्ट करून बघितलं का?" दात दुखतोय म्हटलं तरी हेच विचारेल. आमच्या स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या उघड्या असतात, एक खऱ्या डेटाबेसची आणि एक सरावाच्या नकलेची, आणि दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. एकदा या पठ्ठ्याने सरावाचा समजून खरा तक्ता साफ पुसला आणि वर जेवायला निघून गेला. तेव्हापासून टोपी आली. टोपी एकाच्याच डोक्यावर असणार, तेवढा वेळ बाकीच्यांनी खऱ्या सर्व्हरला हात लावायचा नाही, आणि टोपीवाल्याचा फोन मालकांच्या खणात कुलुपात. मालक म्हणजे या चार खुर्च्यांच्या कंपनीचे मालक. त्यांनी स्वतः कोड लिहिल्याला जमाना झाला, पण उंटावरून शेळ्या हाकायची हौस दांडगी.

आता माझं दुखणं सांगते, म्हणजे पुढे सांगणार आहे त्या दिवशी मी एवढी का पिसाळले होते ते कळेल. माझा नवरा सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढतो. पण कुठे, तर रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतल्यावर जे गाव येतं तिथे. लेक पाळण्यात होती तेव्हा त्याची तिकडे बदली झाली. आता ती घडाघडा बोलते, आणि तिच्या मते बाबा हा फोनमध्ये राहणारा प्राणी आहे. झोपताना मला बजावते, "आई, बाबाला चार्जिंगला लाव." ऐकणारे हसतात. मीही हसते, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडते.

यंदा पहिल्यांदाच आमच्या गावच्या दवाखान्यात एक्स-रेवाल्याची जागा रिकामी झाली. एकच. आणि आरोग्य खात्याने ठरवलं की बदलीचे अर्ज वेबसाइटवर घ्यायचे. सकाळी दहाला सुरुवात, ज्याचा अर्ज आधी त्याला जागा, वशिला नको की कटकट नको. वेबसाइट करायचं काम आमच्याकडे आलं, आणि त्यातली डेटाबेसची बाजू अस्मादिकांकडे.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे घरचंच काम की! तूच टाकून दे ना त्याचं नाव पहिलं."

"असं नाही करता येत, आई."

"मग एवढं शिकून उपयोग काय?"

नवऱ्याला मात्र मी पढवून ठेवलं, दहाच्या आधी बसून राहा, आणि अर्ज उघडला रे उघडला की पहिलं आपलं गाव भर. तो म्हणाला, बरं. तो नेहमीच बरं म्हणतो. भांडायला लागलं तरी बरं म्हणतो, त्यामुळे आमचं भांडण म्हणजे माझं एकटीचंच असतं.

दहा वाजले आणि साइट झोपली. पांढरं पान, मध्ये गरगर फिरणारं चाक, बस. मी ताडकन उठले, आणि बघते तर मालकांच्या डोक्यावर लाल टोपी.

मी बसले. काय करणार? नियम म्हणजे नियम. मालक स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसले होते, कपाळावर आठ्या, मधूनच जिभेने च्चक करत होते. रिस्टार्टने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे साहेब स्वतः उतरलेत मैदानात! आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे गप्प. फोनवर नवऱ्याचा मेसेज, "उघडत नाही." मग, "दाबतोय." मग नुसतंच, "अगं?" माझ्या जिवाची नुसती काहिली. साइट मेलेलीच, चाक फिरतंय, आणि मालकांना काही विचारायची सोय नाही.

शेवटी टेबलावरचा फोन खणखणला. खात्याचे अधिकारी होते. त्यांचा आवाज मला माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू येत होता. मालक "हो हो, बघतो, बघतो" करत राहिले, रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"काय गं, साइट चालत नाहीये?"

"तुम्ही बघताय ना?"

"मी? मी तर बायकोच्या माहेरच्या सहलीचे फोटो लावत बसलोय नीट."

"मग टोपी?"

मालकांनी डोक्याला हात लावला. "अगं, एसीचा झोत सरळ टकलावर येतोय. गार लागत होतं."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मालक वयाने मोठे आहेत, पगार देतात, म्हणून सगळं नाही बोलले एवढंच. त्यांच्या डोक्यावरची टोपी खेचून माझ्या डोक्यात घातली. तेवढ्यात माझा फोन वाजला, नवरा. मालक खण उघडून उभे होते, फोन टाक म्हणून. मी म्हटलं, दोन शब्द बोलू द्या.

"अगं, मी सारखा दाबतोय, पण..."

"दाबू नकोस!" मी ओरडले. "तुझ्यासारखे हजारो जण दाबतायत. दर वेळी दाबलं की आत एक माणूस घुसतो आणि पहिला बाहेर पडलेला नसतो. तुम्ही सगळे मिळून गळा दाबताय माझ्या सर्व्हरचा. मी सांगेपर्यंत हात लावू नकोस."

"बरं," तो म्हणाला. "एक पाय मोडलेला पेशंट बाहेर बसलाय, त्याचा एक्स-रे काढून घेतो तोवर."

फोन खणात गेला, मालकांनी कुलूप लावलं आणि मी खऱ्या सर्व्हरवर उतरले.

समोर तक्रार स्वच्छ होती, जोडण्या संपल्या. डेटाबेसशी एका वेळी ठरावीक जणांनाच बोलता येतं, आणि सगळे आत जाऊन ठाण मांडून बसले होते. रिस्टार्ट मागून पुटपुटला. टोपीवालीशी बोलू नये, पण त्याला राहवेना. काय म्हणाला ते सांगायला हवं का? केलं रिस्टार्ट. मिनिटभर साइट अशी पळाली की त्याने कॉलर ताठ केली. मग परत तेच चाक.

"मर्यादा वाढव की!" मालक म्हणाले. "दहापट कर."

"मालक, दार रुंद केलं म्हणून खोली मोठी होते का?"

"मी सांगतोय ना!"

केली दहापट. आधी निदान चाक तरी फिरत होतं, आता सर्व्हरची मेमरीच संपली आणि गडी सपशेल आडवा झाला. रोगापेक्षा इलाज भयंकर. मालक आपल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि मी मर्यादा होती तिथे आणली.

मग मी ते केलं जे पहिल्यापासून करायला हवं होतं. साइटवर "कृपया थांबा" अशी पाटी लावली. ती पाटी रिस्टार्टने केली होती आणि चांगली केली होती. समोर उघडी ठेवली की आपणहून तपासत राहायची आणि साइट सुरू झाली की माणसाला सरळ आत घ्यायची, दाबायचं काम नाही. गर्दी बाहेर थांबल्यावर आत कोण अडकलंय ते नीट बघितलं. सगळे एकाच प्रश्नावर अडले होते, कुठल्या गावात किती जागा उरल्या? साधा प्रश्न. पण त्याचं उत्तर शोधायला डेटाबेस प्रत्येक वेळी अर्जांचा अख्खा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचत होता.

"एवढे अर्ज आले कुठून?" मी विचारलं. "आज तर एकही नीट पोचलेला नाही."

रिस्टार्ट छताकडे बघायला लागला. खात्याने मागच्या आठवड्यात सांगितलं होतं म्हणे, जुन्या सगळ्या वर्षांचे अर्जही आत घ्या. याने घेतले. त्याच तक्त्यात ओतले. आणि तक्त्याला इंडेक्स नाही. म्हणजे दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटावरची लेबलं काढून टाकायची आणि मग प्रत्येक गोळीसाठी सगळं कपाट उपसायचं. सरावाच्या नकलेत मूठभर अर्ज, तिथे वाऱ्यासारखं चाललं, म्हणून कोणाला पत्ताच नाही.

"अरे, सांगायचंस तरी!"

"त्या दिवशी तू टोपीत होतीस," तो म्हणाला.

अडकलेल्या सगळ्यांना हाकलून दिलं, इंडेक्स बांधायला घेतला आणि नखं खात बसले. बांधून झाला. तोच प्रश्न हाताने विचारून बघितला, उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर. मला इतका आनंद झाला की मी रिस्टार्टच्या पाठीत धपाटा घातला.

आता पाटी काढायची. बोट थांबलं क्षणभर. आधी नवऱ्याला फोन करावा, मग पाटी काढावी, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू, चांगलं रेंगाळलं मनात. पण बाहेर हजारो जण ताटकळलेले, त्यांच्यातही कोणाची पोरं कुठे, कोणाची आई कुठे. आणि पाटी काढून लगेच फोन केला तरी काय बिघडतंय, असंही वाटलं. काढली पाटी.

अर्ज यायला लागले. एकापाठोपाठ एक, कुठे अडखळणं नाही. मालक टाळ्या वाजवायला लागले. मी टोपी टेबलावर आपटली. "फोन द्या माझा."

मालकांनी शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचा. मग दुसरा. "आत्ता तर होती किल्ली."

"मालक!"

"अगं, थांब गं, तू ओरडलीस की मला सुचत नाही." किल्ली निघाली चष्म्याच्या डबीतून. मी फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही. एक्स-रेच्या खोलीत जाताना तो फोन बाहेर ठेवून जातो. त्याच्या नावाने मीच भरला असता अर्ज, पण आत शिरायला त्याच्याच फोनवर येणारा आकडा लागतो. परत लावला. डोळे स्क्रीनवर. आणि माझ्या डोळ्यांदेखत आमच्या गावापुढे एक नंबर येऊन बसला. कोणाचा तरी कर्मचारी क्रमांक. जागा भरली की ते गाव यादीतून निघून जायचं, तसं आमचं गाव गेलं.

कोण होतं ते माणूस, मला माहीत नाही. पाटीसमोर मुकाट बसून राहिलेलं कोणीतरी. माझा नवराही तसाच बसला असता. मी त्याला उठवलं होतं.

मी फोन टेबलावर पालथा ठेवला. मालकांना आधी कळेना, मग रिस्टार्टने त्यांच्या कानात सांगितलं. मालक खुर्ची ओढून माझ्याजवळ आले आणि इतक्या हळू बोलले की तेच होते का ते, असं वाटावं. "एका ओळीचं काम आहे. तो नंबर काढ, नवऱ्याचा घाल. अर्जाची वेळ मागे कर. सकाळचा गोंधळ आहेच, कोणाला कळणार? मी काही बघितलं नाही."

मी ती ओळ लिहिली. हो, लिहिली. मी काही संत नाही, आणि लेकीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. नवऱ्याचा क्रमांक मला पाठ आहे. फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं. रिस्टार्ट खिडकीतून बाहेर बघत होता, जन्मात पहिल्यांदा त्याने काही सुचवलं नाही.

पण कुंपणानेच शेत खाल्लं तर मग राहिलं काय? तिकडे कोणाच्या तरी घरी आत्ता उड्या मारत असतील. फोनाफोनी चालली असेल, आलो एकदाचा, आलो म्हणून. ते मी पुसायचं, आणि उद्या त्याला सांगायचं काय, की सर्व्हरमध्ये गडबड झाली होती? मला माझाच संताप आला, त्या माणसाचा आला, मालकांचा तर आलाच. मी ती ओळ उलटी खोडत नेली, अक्षर अक्षर.

फोन वाजला. नवरा. आवाजात नुसता उत्साह.

"अगं, चालली की साइट! काय झकास उघडली, एका सेकंदात. मी इथे सगळ्यांना सांगितलं, माझ्या बायकोने दुरुस्त केली म्हणून. डॉक्टरसुद्धा म्हणाले, वा!"

"हं," मी म्हटलं.

"फक्त एक घोळ राहिलाय बघ. यादीत बाकी सगळी गावं दिसतायत, आपलंच दिसत नाहीये. मी काही दाबलं नाही हां, तू सांगितलं होतंस ना. तेवढं जरा बघ, म्हणजे लगेच भरून टाकतो."

मालक माझ्याकडे बघत होते. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"घोळ नाहीये रे," मी म्हटलं. "बरोबर चाललंय ते."

पलीकडे त्याने यादीतली गावं पुटपुटत पुन्हा वाचली. मग म्हणाला, "बरं."