‘हो’ म्हणणारी एकटी

कॉलेजात मुलामुलींशी कुणी नको तसं वागतं का, याची पाहणी करायचं समाजशास्त्राच्या बाईंनी मनावर घेतलं. नाव विचारायचं नाही, हजेरी घ्यायची नाही. जिवाचं रान करून त्यांनी प्रश्न काढले. ‘तुमच्याबाबतीत असं घडलं आहे का?’ याला ‘नाही’ म्हटलं की आभार मानून सुटका. ‘हो’ म्हटलं की पुढे प्रश्नांची रांग. घरी नवऱ्याला बसवून सगळं तपासलंही होतं. पण घरी एकटाच माणूस बसला होता.

संगणकाच्या खोलीत दुसऱ्या वर्षाचा वर्ग बसला. यंत्रं प्रयोगशाळेच्या सरांच्या ताब्यात, म्हणून तेही दाराशी उभे.

बघता बघता खुर्च्या सरकू लागल्या.

“संपलं पण? मी आत्ता कुठे चष्मा पुसला!” म्हणत रेडिओ उठली. या मुलीचं तोंड कधी बंद नसे, म्हणून हे नाव. तिच्यामागून सगळे निघाले. उरली ती मागच्या रांगेतली एक लहानखुरी मुलगी.

तिने ‘हो’ दाबलं होतं. ‘ती व्यक्ती कोण?’ याला ‘कर्मचारी’ दाबलं होतं. आणि तोच माणूस दारातून तिच्याकडे बघत होता.

“काय गं, अजून चाललंय? सगळ्यांचं झालं की,” सर गोड आवाजात म्हणाले.

“कादंबरी लिहिते ती!” बाहेरून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. मुलीचा हात पान बंद करायला सरकला.

बाईंनी मान वर केली. रिकाम्या खुर्च्या, मध्ये ही एकटी पोर. ‘नाही’ म्हणणारे सगळे सुटले होते. देवा, हिला चारचौघांत मीच उघडं पाडलं की!

“सगळे आत या!” त्या ओरडल्या. “चूक माझी आहे. तास संपेपर्यंत कुणी उठायचं नाही.”

“बाई, कँटीन बंद होईल!”

“होऊ दे. संपलं असेल त्यांनी नवं पान उघडून कॉलेजबद्दल लिहा. निबंध लिहा, शिव्या लिहा, पण बोटं चालू राहू देत. आणि सर, तुम्ही जा आता.”

“अहो मॅडम, एखादं मशीन बंद पडलं तर?”

“पडू दे.” बाईंनी दार लावून घेतलं.

रेडिओ मुद्दाम मागे आली. “सरक गं जरा. मी चहावर लिहिणार. दोन पानं तरी होतील.”

खोलीभर टकटक सुरू झाली. मुलीने हात मागे घेतला आणि पुढचा प्रश्न वाचला. ‘ती व्यक्ती अजून भेटते का?’ तिने ‘रोज’ दाबलं. शेवटच्या मोकळ्या जागेत आधी सरांचं पूर्ण नाव लिहिलं, मग बाकीचं.

घंटा झाली तरी ती लिहीतच होती. बाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या, “आणखी दहा मिनिटं. सगळ्यांना.”

वर्ग कण्हला, पण उठलं कुणी नाही.