आवाज ऐकल्याशिवाय

आप्पांच्या मोबाइलमध्ये सुमंतनं पाठवलेले कितीतरी आवाज आहेत. त्याचं बोलणं नव्हे, गाडीचे आवाज.

सुमंत माझा नवरा. तीन वर्षांमागं चर्चनं आम्हाला मलावीला पाठवलं. मिशनचा लहानसा दवाखाना, तो लॅब बघतो, मी नर्स. दवाखान्याला गाडी एकच, जुनी डिझेल पिकअप. पेशंट, औषधं, मक्याची पोती, कधी मयतसुद्धा तिच्यातूनच. जवळचा मेकॅनिक सत्तर किलोमीटरवर, तोही असला तर असला. त्यामुळं आमचा खरा मेकॅनिक इकडं सांगलीजवळ, पलूसला होता. माझे आप्पा, लालासाहेब. मिलिटरीत बावीस वर्षं ट्रक दुरुस्त केलेले.

सुमंत बॉनेट उघडून आवाज रेकॉर्ड करायचा आणि पाठवायचा. आप्पा फोन कानाला लावून डोळे मिटायचे. तेवढा वेळ आई मिक्सर बंद ठेवायची. मग उत्तर यायचं, "जावईबापू, बेल्ट सैल हाय. लय वरडतोय बिचारा."

दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा माणूस, पण खंडेनवमीला आपल्या हत्यारांना झेंडू वाहायचाच. पाळकांनी हटकलं तर आप्पा म्हणाले, "साहेब, देव म्हनून न्हाई वाहत. बावीस वर्सं पोसलं ह्या हत्यारांनी, तेवढं तरी नको व्हय?"

बाळंतपणाला मी माहेरी आले. वल्लरी सव्वा महिन्याची झाली तेव्हा आप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "जायला माझी ना न्हाई. पन त्या गाडीचा आवाज ऐकल्याशिवाय नातीला तिच्यात बसवायची न्हाई." विमानतळ ते दवाखाना पाच तासांचा रस्ता. मधे काही बंद पडलं तर थांबायला झाडाखेरीज काही नाही.

त्यानंतर आठव्या दिवशी आप्पा गेले. सकाळी दाढी केली, चहा घेतला, आणि खुर्चीतच.

मला अजून रडू आलेलं नाही. लोक येतात, बसतात, माझ्याकडं बघतात. मी बाळाला पाजते, दुपटं बदलते, पुन्हा पाजते. माती देतानासुद्धा मी तिचं टोपरं वाऱ्यानं उडेल म्हणून धरून उभी होते. मला टोपऱ्याची नाडी आठवते, बाकी काही नाही.

बनुआत्या, आप्पांची थोरली बहीण, तेव्हापासून इथंच आहे. ती रोज एकदा विचारते, "सांगलीत काय आजारी मानसं मिळंनात व्हय गं? सुई टोचायला आफ्रिकाच लागतीया?" मग आवाज उतरवून म्हणते, "आन् गाडीचं काय? ऐकनारा तर गेला."

परतीचं तिकीट अठरा तारखेचं.

बारा तारखेला सुमंतचा फोन आला. "रेश्मा, गाडी सुरूच होईना. सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही." मग म्हणाला, "सवयीनं आप्पांना रेकॉर्डिंग पाठवलं गं. पाठवल्यावर आठवलं."

आप्पांचा फोन आई रोज चार्जिंगला लावते. कुणाचा यायचा नसतो तरी. वल्लरी झोपली तेवढ्यात मी तो काढून घेतला आणि पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात धरून बसले. आधी आजचा आवाज ऐकला. घर्र, घर्र, घर्र, आणि काही नाही. मग मागचे एकेक ऐकत गेले. मधेमधे आप्पा बोलत होते, खोकत होते, हसत होते. मी ते पुढं सरकवत होते. मला फक्त घर्र हवं होतं. आपण काय करतोय हे कळत होतं, पण काही वाटत नव्हतं.

गेल्या जुलैतलं एक अगदी तसंच निघालं. त्याखाली आप्पांचं उत्तर.

"ऐका. डिझेलला एअर धरलीया. फिल्टरवर हातपंप हाय बघा, त्यो दाबा. अंगठा दुखंस्तवर दाबा. घट्ट लागला की मगच सेल्फ मारा. आन् एका दमात लय मारू नका, बॅटरी बसंल. रेश्मी हाय का तितं? तिला म्हनावं, आदी जेव."

तेव्हा मला नुकतेच दिवस गेले होते. अन्न पोटात ठरत नव्हतं.

मी तेच उत्तर सुमंतला पाठवून दिलं. त्यातलं शेवटचं कापायला हवं होतं, पण वल्लरी उठली.

तासाभरानं आवाज आला. माझ्या फोनवर नाही, आप्पांच्याच. इंजिन चालू होतं. मधे सुमंत एवढंच म्हणाला, "आप्पा, झाली सुरू."

मी स्वयंपाकघरात जाऊन फोन आईपुढं धरला. आई मिक्सरमध्ये दाण्याचा कूट करत होती. तिनं मिक्सर बंद केला, पदराला हात पुसले, फोन कानाला लावला आणि डोळे मिटले. वल्लरी माझ्या खांद्यावर कुरकुरली तर आईनं नुसता हात वर केला, गप.

रेकॉर्डिंग संपलं तरी ती तशीच उभी.

बनुआत्या दारातनं म्हणाली, "मनू, तुला काय कळतंय गं त्यातलं?"

"मला कुटलं कळतंय, वन्सं," आई म्हणाली. "ऐकल्याशिवाय जायचं न्हाई म्हनले हुते ना? ह्या घरातनं ऐकलाय आता."

आत्या पदर सावरून मागं वळली आणि वल्लरीची वाळलेली दुपटी घडी घालायला बसली. बॅगेत भरायची तशी, लहान लहान.

"जाऊ मग?" मी विचारलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

"जा. पोचलीस की तितनं परत आवाज पाठव." आईनं फोन चार्जिंगला लावला. "ह्याच नंबरवर."

आणि तिनं मिक्सर सुरू केला.